भाऊबिजेचा स्लॅब

चतुराबाई सायखेड्याच्या पुलापाशी एसटीतून उतरली तेव्हा तिच्या पिशवीत डबा एकच होता.

रंगनाथ आणि पुंजाराम हे दोघे भाऊ वेगळे निघाल्यापासून ती दर भाऊबिजेला दोन डबे आणायची. करंज्या दोन्हींत सारख्या, अनारसे सारखे, नारळसुद्धा एकाच आकाराचे निवडून घेतलेले. मळ्यातलं घर एकच होतं, पण ओसरीच्या मधोमध विटांची भिंत घातल्यापासून त्याला दोन दारं झाली होती. आधी थोरल्याच्या दाराने आत जायचं, ओवाळायचं, जेवायचं. मग बाहेर येऊन चपला घालायच्या, भिंतीला वळसा घालून त्या पुन्हा काढायच्या आणि धाकट्याकडे ओवाळायचं, जेवायचं. थोरल्याकडे एक पुरी जास्त खाल्ली तर भिंतीपलीकडे कळायचं. एकदा तर पुंजारामची बायको सुलाबाई ताटाकडे बघत म्हणाली होती, "आक्का, तिकडून पोट भरून आल्या वाटतं. इथं निस्तं नावाला." चतुराबाईने निमूटपणे आणखी दोन पुऱ्या खाल्ल्या होत्या आणि पिंपळगावला परत जाईपर्यंत ओवा चावत बसली होती.

यंदा तिने ठरवलं होतं. ओवाळीन तर दोघांना पाटाला पाट लावून. नाहीतर डबा आला तसा परत.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. ते गुडघे धरून घरीच राहिले होते आणि सांगितलं असतं तरी "तू म्हणशील तसं" यापलीकडे त्यांनी उभ्या जन्मात काही म्हटलं नव्हतं.

वस्तीच्या वाटेला दोन्ही अंगांनी छाटलेल्या बागा होत्या. पानं गेलेल्या, काड्या उघड्या पडलेल्या. कुठे काड्यांना फुटव्यासाठी पेस्ट लावायचं काम नुकतंच उरकलेलं, त्याचा उग्र वास अजून हवेत होता. एरवी या दिवसांत वस्तीवर चिटपाखरू नसायचं, सगळे बागेत. आज मात्र दुरूनच मिक्सरची घरघर ऐकू येत होती, आणि ती जिथून येत होती ती जागा बघून तिचे पाय आपोआप जरा मंदावले.

तिथे त्यांचं खळं होतं.

बाजरी खुडून आली की त्या खळ्यावर पसरायची. मधोमध तिवड्याचा खांब, त्याला बांधलेली बैलांची पात, आणि बैलांमागून गोल गोल फिरणारी ही तिघं. रंगनाथ पुढे, मधे पुंजा, आणि शेवटी ती, पुंजाच्या चड्डीची नाडी कायम तिच्या हातात, कारण तो चालता चालता झोपायचा. वडील म्हणायचे, "पोरांनो, बैल थांबला तरी तुम्ही थांबू नका." पुढे बाजरी गेली, द्राक्षं आली, बैल गेले, ट्रॅक्टर आला. खळ्यावर गवत माजलं. वाटण्या झाल्या तेव्हा बाग वाटली, गोठा वाटला, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, एक दिवस याचा, एक दिवस त्याचा. खळं तेवढं सामाईक राहिलं. दोघांपैकी एकानेही ते मागितलं नाही, आणि एकानेही सोडलं नाही.

आता तिथे खांब उभे होते. खांबांवर सेंटरिंगच्या फळ्या, फळ्यांखाली टेकू म्हणून कुणाकुणाच्या मोडलेल्या बागांचे लाकडी डांब. वाळू एकाच्या ट्रॅक्टरने आली, विटा दुसऱ्याने दिल्या, खिडक्या पाडलेल्या जुन्या शाळेच्या होत्या आणि त्यांच्या निळ्या रंगावर अजून कुणीतरी खिळ्याने कोरलेले पाढे होते. भिंतींना प्लास्टर नाही, दाराला दार नाही, डोक्यावर छप्पर नाही, तरी साऱ्या वस्तीने त्याला आधीच "हॉल" म्हणायला सुरुवात केली होती. तरुण मंडळाचा हॉल.

"आत्या!" हर्षल धावत आला. रंगनाथचा हा थोरला. कॉलेज संपवून बागेत आला होता, आणि बागेपेक्षा मंडळात जास्त असायचा. केसांत, भुवयांत सिमेंट. पाया पडायला वाकला तर तिच्या लुगड्यावर दोन करडे पंजे उमटले.

"मेल्या, भाऊबिजेचं लुगडं हाय हे."

"राहू दे गं, तेवढीच मंडळाची आठवण."

"भाऊबिजेला स्लॅब टाकायचं कुनाच्या डोक्यातून निघालं रे?"

"माझ्याच. मजूर सगळे छाटणीवर. आज समदीकडं बहिणी येणार, बहिणींबरोबर जावई येणार. जावई म्हंजे फुकटचे हात! ते बघ."

खरंच वस्तीतले जावई रांगेत उभे होते. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडून, घमेली हातोहात वर सरकवत. सासरी आलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे हर्षलने बरोबर हेरलं होतं.

लताबाई, हर्षलची आई, पदर खोचून लगबगीने आली. "चला आक्का, आधी घरी. चहा टाकलाय."

दुसऱ्या बाजूने सुलाबाईही निघालीच होती. "आक्का, चहा उकळून राह्यलाय. चला."

चतुराबाई वाळूच्या ढिगाऱ्याजवळच्या एका दगडावर बसली. पिशवी मांडीवर घेतली. "मी इथंच बसते. चहा इथं आणा."

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं नाही, पण दोघींच्या भुवया एकाच वेळी वर गेल्या. थोड्या वेळाने दोन कप आले. चतुराबाईने दोन्ही कप तिथल्याच एका तांब्यात ओतले, तांब्या हलवला आणि तोंड लावून प्यायली.

"साखर बरोबर झाली आता," ती म्हणाली.

लताबाईची नजर पिशवीकडे गेली. "डबा एकच दिसतोय?"

"एकच हाय."

दोघींनी आपापला रिकामा कप उचलला आणि निघाल्या.

भावांनी जागा बरोब्बर वाटून घेतल्या होत्या. रंगनाथ वर, सळयांवर फळी टाकून माल पसरवणाऱ्यांजवळ. पुंजाराम खाली, पाण्याच्या पिंपांपाशी. आज विहिरीची पाळी पुंजारामची होती. पेस्ट लावलेल्या बागेला पाणी द्यायचं सोडून त्याने आपली पाळी स्लॅबला दिली होती, आणि सकाळपासून येईल-जाईल त्याला ते ऐकवत होता.

दोघांचं बोलणं बंद होतं, पण सांगणं चालू होतं. रंगनाथ वरून हवेत म्हणायचा, "कुनीतरी सांगा त्यांना, पिंपात गाळ येतोय." खालून पुंजाराम मिक्सरला उद्देशून म्हणायचा, "ज्याला गाळ दिसतो त्यानं चष्मा पुसावा." मधे उभा असलेला गवंडी गोटीराम दोन्हीकडे मान हलवायचा. वस्तीला याची इतकी सवय झाली होती की कुणी हसतही नसे.

हे सगळं एका शब्दावरून झालं होतं. अवकाळी पाऊस आला त्या दिवशी पुंजाराम नाशिकला कुस्त्या बघायला गेला होता. फवारणी चुकली, बागेत डावणी रोग शिरला, हंगाम हातचा गेला. तो परत आला तेव्हा सगळ्या वस्तीसमोर रंगनाथ म्हणाला, "तू या बागेचा कुनी नाय. तू पाव्हणा हाय." शिवी दिली असती तर पुंजाराम विसरला असता. हा शब्द तो विसरला नाही. महिन्याभरात भिंत उभी राहिली.

आणि तरीही खळं हॉलला मिळालं, त्याची गंमत चतुराबाईला पक्की ठाऊक होती, कारण ती तिचीच होती. गेल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, ती आली होती तेव्हा हर्षल आणि वैष्णवी दोघं तोंड पाडून तिच्याकडे आले. वैष्णवी पुंजारामची मुलगी, निफाडला कॉलेजात जायची, जिभेला धार. भिंत घातली ती मोठ्यांनी, ही दोघं पोरं भिंतीवरून उड्या मारतच वाढली होती.

"आत्या, पोरांना पुलाचा कठडा तरी हाय बसायला," वैष्णवी म्हणाली, "आम्हा पोरींना काय? अभ्यासाला बसायचं तर गोठ्यात. हॉल झाला तर निम्म्या संध्याकाळी आमच्या, असं कबूल करून घेतलंय मी याच्याकडून. पण जागा? नाना आन् आप्पा दोघं सही करतील तवा ना."

चतुराबाईने आपल्या भावांचा विचार केला होता, आणि तिला आपोआप उत्तर सापडलं होतं. "हर्षल, तू बापाला सांग, आप्पा नाय म्हणतात. आन् वैष्णवे, तू तुझ्या बापाला सांग, नाना नाय म्हणतात."

झालंही तसंच. "तो नाय म्हणतो? मग माझं लिहून घे!" असं रंगनाथ त्याच दिवशी म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुंजारामने अक्षरशः तेच म्हटलं. मग दोघांनी आपापल्या परीने गावभर सांगितलं, की भाऊ आडवा आला होता पण मी मोठेपणा केला. गावाने दोघांचंही ऐकून घेतलं आणि दोघांनाही शाबासकी दिली. हॉलची गरज गावालाही होती.

दुपारपर्यंत निम्मा स्लॅब भरत आला. उन्हं डोक्यावर, मिक्सरची घरघर, "येऊ द्या, येऊ द्या" असा गोटीरामचा आवाज. पुंजाराम पिंपाच्या सावलीला जरा टेकला होता. चतुराबाई त्याच्याजवळ जाऊन बसली. तिला पुंजा नेहमी पुंजाच दिसायचा, चालता चालता झोपणारा. त्याच्या कानामागे सिमेंट सुकलं होतं. तिने पदराने ते पुसलं.

"बरं वाटतं नाय का रे? खळ्यावर इतकी मानसं. बाबा असते तर…"

"हं."

"तुझं मन मोठं, पुंजा."

"मग! थोरल्यानं तर नाय म्हणून सांगितलं व्हतं. मी नसतो तर आज इथं गवतच असतं."

इथे चतुराबाईने गप्प बसायला हवं होतं. पण दुपारची वेळ, भरून आलेलं मन, आणि डोक्यात तो पाटाला लावलेला पाट. तिला वाटलं, आता खरं सांगितलं तर हा विरघळेल.

"अरे, त्यानं नाय म्हणलंच नव्हतं," ती हळूच म्हणाली. "त्यानं तर तुझ्या आधी हो म्हणलं. एका दिवसात. मीच पोरांना शिकवलं तसं सांगायला. दोघंबी मनानं एकच हाय रे तुम्ही."

 पिंपाला टेकलेला पुंजाराम सरळ झाला.

"माझ्या आधी?"

"हो."

"आन् गावाला हे ठाव हाय?"

ती गडबडली. "गावाला… म्हंजे असंल थोडं…"

"म्हंजे मी सगळ्यांना सांगत फिरत व्हतो, मोठेपणा केला, मोठेपणा केला, आन् लोक मनात हसत व्हते." तो उठला. डोक्याचा टॉवेल सोडून त्याने पिंपावर आपटला. "आक्का, तू तरी… तूबी त्याच्याच बाजूनं!"

"कुनाच्या बाजूनं? अरे पुंजा, ऐक तर…"

तो निघूनही गेला होता, तरातरा, बांधावरून, विहिरीच्या दिशेने. चतुराबाई तिथेच बसून राहिली. आपल्या भावांना दुसऱ्याचा हलकेपणा पचतो, मोठेपणा पचत नाही, हे जन्मभर ठाऊक असून ती आज नेमकं तेच विसरली होती.

थोड्या वेळाने पाइपातली धार बारीक झाली. मग पाइपाने एक उचकी दिली आणि ती थांबली.

"पाणी!" गोटीराम ओरडला. "नाना, पाणी गेलं!"

"लाइट गेली काय?"

"मोटर चालू हाय, आवाज येतोय. पाणी बागेकडं फिरवलंय."

वर रंगनाथ ताठ झाला. घमेल्यांची रांग जागच्या जागी थांबली. जावयांच्या हातात भरलेली घमेली तशीच.

"पिंपात हाय तेवढ्यावर किती जाईल?" हर्षलने विचारलं.

"दोन घाणी," गोटीराम म्हणाला. "मग उभा राह्यला माल तर सांधा पडंल. स्लॅब एका दमात पडला पाह्यजे, हर्षलभाऊ. सांध्यातून जन्मभर गळत राहील."

वैष्णवीने आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती पुढे झाली आणि रंगनाथला खालूनच, स्पष्ट आवाजात, खळ्याची सगळी गोष्ट सांगून टाकली. रांगेतले लोक पायांकडे बघायला लागले. एकाला खोकला आला.

रंगनाथने ऐकून घेतलं. मग तो फळीवर बसला. "म्हंजे मीबी तसाच," तो म्हणाला. "चांगलं हाय. पडू द्या सांधा. गळू द्या."

"नाना!" हर्षल कळवळून म्हणाला.

"मी त्याच्या पाया पडायला जानार नाय."

तेव्हा वस्तीतल्या बायका हलल्या. सुलाबाईने कुणाला काही विचारलं नाही. आपल्या घरात गेली आणि माजघरातला भरलेला हंडा कमरेवर घेऊन आली, पिंपात ओतला. नवरा पाणी तोडतोय आणि बायको घरचं पाणी आणतेय, हे साऱ्यांनी पाहिलं. लताबाई तिच्याकडे क्षणभर बघत राहिली. मग तीही धावली. दुसऱ्या खेपेला दोघी जावा एकच मोठं पातेलं दोन्ही कानांना धरून आणत होत्या, आणि लताबाई म्हणत होती, "सुले, हळू, तुझा पाय घसरंल," आणि सुलाबाई म्हणत होती, "तुम्ही तुमचा बघा, जाऊबाई."

पण हंड्यांनी स्लॅब होत नाही. मिक्सर एकदा घरघरला, पुन्हा थांबला. चतुराबाईने पिशवी वैष्णवीच्या हातात दिली आणि ती विहिरीकडे निघाली.

पुंजाराम पाणी फिरवायच्या कॉकपाशी उकिडवा बसला होता. पाणी त्याच्या बागेत जात होतं. तो पाण्याकडे बघत नव्हता, मातीची ढेकळं एक एक फोडत होता.

"पाया पडायला आलीस का?" मान वर न करता तो म्हणाला.

"लहान भावाच्या कोन पाया पडतं? कान धरायला आले."

"धर की."

ती बांधावर बसली. धाप लागली होती. "चुकले मी, पुंजा. सांगायला नको व्हतं."

"सांगायला नको व्हतं का करायला नको व्हतं?"

यावर ती खरंच विचारात पडली. "करायला पायजेल व्हतं," ती शेवटी म्हणाली.

पुंजाराम काही बोलणार तेवढ्यात बांधावर पावलं वाजली. रंगनाथ. अंगभर सिमेंट, हातात थापी तशीच. भावजयीच्या कमरेवरचा हंडा पाहिल्यावर त्याला फळीवर बसवलं नव्हतं. सहा वर्षांत पुंजारामच्या पाळीच्या दिवशी तो विहिरीकडे फिरकला नव्हता. चार हातांवर येऊन थांबला आणि विहिरीच्या कठड्याकडे बघत म्हणाला, "आक्का, सांग त्याला, सांधा पडून राह्यलाय."

पुंजाराम ढेकळाला म्हणाला, "आक्का, सांग, माझी पाळी हाय. माझ्या बागेला पेस्ट लावलीय."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. निरोप पुढे जायची वाट बघत. नेहमीसारखं.

चतुराबाईने दोन्ही कानांवर पदर घट्ट ओढून घेतला. "मला ऐकू येत नाय," ती म्हणाली.

"आक्का…"

"बहिरी झाले मी. आजपासून. मिक्सरच्या आवाजानं. ज्याला जे सांगायचं ते ज्याचं त्यानं सांगावं." आणि ती कॉककडे पाठ करून, गोदावरीच्या बाजूला तोंड करून बसली.

मागे बागेत पडणारं पाणी तेवढं वाजत होतं. तिला वाटलं, आता एकाची पावलं वाजतील आणि तो निघून जाईल, आणि मग डबा परत जाईल आणि पुढच्या दिवाळीला कदाचित ती स्वतःच येणार नाही. तिने डोळे मिटले.

"पुंज्या," रंगनाथ म्हणाला.  "कॉक फिरव."

"माझ्या बागेला पाणी पाह्यजे."

"माझी उद्याची पाळी घे."

"परवाची बी."

"परवाची तुझीच हाय, येड्या."

"मग तेरवाची."

"घे तेरवाची."

चतुराबाईला हसू आलं, पण ती हलली नाही. बहिऱ्या माणसाने हसायचं नसतं.

एक ढेकूळ फुटल्याचा आवाज आला. आणि मग पुंजाराम, एकदम पोरासारख्या आवाजात, "पाव्हणा म्हणला व्हतास तू मला. सगळ्यांच्या म्होरं."

 रंगनाथ माफी मागेल असं कुणालाच वाटत नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही.

"पाव्हण्याला कुनी अर्धी विहीर देतं का?" तो म्हणाला. "आन् पाव्हणा गेला तर घर मोकळं वाटतं. मला… भिंत बांधल्यावर पलीकडून तुझं खोकणं यायचं. ते ऐकल्याबिगर झोप लागत नाय."

पुंजाराम उठला. कॉकला दोन्ही हातांनी धरून फिरवला. पाइपात पाणी चढल्याचा आवाज बांधाकडून हॉलकडे धावत गेला, आणि थोड्याच वेळात दुरून पोरांचा एकच गलका ऐकू आला.

"चला," पुंजाराम म्हणाला. "पाव्हण्याला तिकडं चहा तरी विचारा."

दिवस कलता कलता स्लॅब पुरा झाला. जिथे माल थांबला होता तिथे गोटीरामने सिमेंटचं पाणी ओतलं, थापीने ठोकलं, आणि मान हलवत म्हणाला, "जमेल तेवढं जमवलंय." दोघं भाऊ वर चढून कडांना मातीचे वाफे घालू लागले, म्हणजे उद्यापासून स्लॅबवर पाणी तुंबून राहील. कांद्याचे वाफे घालणाऱ्यांनाच ते काम नीट जमतं. "तिकडं उतार हाय, तिकडं वरंबा उंच घे," असं रंगनाथ सांगत होता, आणि "मला वाफे शिकवू नको," असं पुंजाराम म्हणत होता. दोघंही एकमेकांशी थेट बोलत होते, आणि खाली जावयांनी जिलेबी खाता खाता ते थांबून ऐकलं.

पाट नव्हते. वैष्णवीने दोन घमेली धुऊन पालथी घातली, डांबांच्या जंगलात, नव्या छपराखाली, वरून अजून थेंब थेंब पाणी ठिबकत होतं तिथे. दोघं शेजारी बसले. घमेलं डुगडुगलं तसा पुंजाराम थोरल्याच्या खांद्याला धरून सावरला आणि मग हात काढायला विसरला. चतुराबाईने डबा उघडला. ओवाळताना ज्योत वाऱ्याने हलली, तेव्हा लताबाई आणि सुलाबाई दोघींनी एकाच वेळी पदराचा आडोसा धरला.

सांधा मात्र पडलाच. पुढल्याच पावसात हॉलच्या मधोमध एका रेषेत गळू लागलं. पोरांनी पावसात त्या रेषेखाली कॅरम कधी ठेवला नाही. पाऊस लागला की बोर्ड हातभर सरकवायचा, एवढं लहान पोरांनाही ठाऊक झालं. वैष्णवीने त्या हॉलमध्ये अभ्यास करून नोकरी मिळवली आणि तिच्या लग्नाच्या जेवणाची पहिली पंगत तिथेच बसली. गळक्या रेषेच्या दोन्ही अंगांनी. ओसरीतली भिंत काही कुणी पाडली नाही, पण तिच्यात एक दार निघालं, आणि ते लावल्याचं कुणी पाहिलं नाही.

बऱ्याच वर्षांनी, दोन हजार सालानंतरच्या एका पावसाळ्यात हर्षलने डांबर आणलं. तो तेव्हा मंडळातून ग्रामपंचायतीत गेला होता. त्याला तो सांधा एकदाचा बुजवायचा होता. चतुराबाई त्या दिवशी माहेरीच होती. तोवर तिचे कान खरंच गेले होते, मिक्सरने नव्हे, वयाने. ती हॉलमध्ये खुर्चीवर बसली होती आणि तिच्यासमोर, त्या ठिबकणाऱ्या रेषेखाली, दोन पिकल्या केसांचे भाऊ उभे राहून हातवारे करत भांडत होते. एकाचं बोट वर स्लॅबकडे, दुसऱ्याचं विहिरीकडे. कोण किती वेळ पाणी अडवून बसला होता, कोण किती वेळ फळीवर रुसून बसला होता, तेच असणार. नाहीतर पाळ्यांचं. तेरवाची पाळी पुंजारामने घेतली होती की नव्हती, हे शेवटपर्यंत ठरलं नव्हतं.

वैष्णवी तिच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "आत्या, सांगू का काय म्हणतात ते?"

चतुराबाईने मान हलवली. "नको," ती म्हणाली. "त्यांचं त्यांना सांगू दे."

आणि खुर्ची हातभर मागे सरकवून, थेंब अंगावर पडणार नाहीत अशी बसून, ती त्या दोघांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिली.